मासा तगला म्हणजे पाणी निवळले का?

वाचकांचे प्रश्न, सदरलेखकाची उत्तरे

ठाणे खाडीतील मासळीविषयी या सदराकडे बरीच पत्रे साठली होती, त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांत मासेमारी करणारे आहेत, विद्यार्थी आहेत, बाजारातून मासळी आणणाऱ्या गृहिणीही आहेत. तरीही बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच समजूत दिसते. घाण पाण्यात जो मासा टिकला तो त्या पाण्याला सरावला, आणि तो सरावला म्हणजे काळजीचे कारण उरले नाही, अशी ती समजूत आहे. तिचा पहिला भाग काही ठिकाणी खरा ठरला आहे. दुसरा भाग मात्र त्यातून निघत नाही. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घराणे दिवाळे गावातले, पिढीजात खाडीत मासेमारी करणारे. आजोबांच्या काळी जाळ्यात जिताडा, बोय आणि कोळंबी भरपूर लागे. आता शिंगाळा, निवटी आणि तिलापिया यांवर भागवावे लागते. जे मासे उरले त्यांच्या रक्तातच काही बदल झाला असेल का?

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या घटना एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

पहिली घटना म्हणजे एका जातीची जागा दुसरीने घेणे. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा भारतात १९५२ साली आणला गेला. कमी प्राणवायू, बदलती क्षारता आणि गढूळ पाणी सोसण्याची त्याची ताकद तो येथे येण्यापूर्वीपासूनची आहे. खाडीने त्याला काही शिकवले नाही. खाडी त्याच्या पूर्वीच्या सवयींना सोयीची होत गेली. जाळ्यात जिताड्याऐवजी तिलापिया येतो, यावरून माशांची जनुके बदलली असे म्हणता येत नाही.

दुसरी घटना एकेका माशाच्या आयुष्यात घडते. पाण्यात जस्त, तांबे किंवा कॅडमियम वाढले की माशाचे यकृत मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते आणि ते या धातूंना बांधून ठेवते. हा शरीराचा तात्पुरता बंदोबस्त आहे. पाणी बदलले की तो ओसरतो, आणि पिल्लांना तो जसाच्या तसा वारशाने मिळत नाही.

तिसरी घटना आपल्याला अभिप्रेत असलेली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारशात होणारा बदल. तो खरोखर घडतो आणि त्याचे पक्के पुरावे उपलब्ध आहेत. त्यांतले सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील हडसन नदीचे आहे. तेथे १९४७ ते १९७६ या काळात विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांतून पीसीबी नावाची रसायने नदीत सोडली गेली, आणि त्यांचा एकूण अंदाज सुमारे ५ लाख ९० हजार किलो इतका आहे. या नदीत टॉमकॉड नावाचा एक छोटा, थंडीत अंडी घालणारा मासा राहतो. त्याच्या यकृतात या विषाचा साठा प्रचंड होता, दोन वर्षांच्या माशांपैकी बहुतेकांच्या यकृतात गाठी आढळत, आणि तरीही त्याची वीण चालू राहिली. ती कशी, याचे उत्तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळाले. पीसीबी आणि डायॉक्सिन यांसारखी द्रव्ये पेशीतील एएचआर नावाच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात आणि तेथून पुढे उपद्रवाची साखळी सुरू होते. वाढत्या गर्भाचे हृदय त्यात सर्वांत आधी बिघडते. हडसनमधील टॉमकॉडमध्ये हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाचा अगदी छोटा, डीएनएच्या सहा अक्षरांचा तुकडा गळालेला आढळला. त्यामुळे प्रथिनातील दोन दुवे कमी झाले आणि विष त्याला पूर्वीसारखे घट्ट चिकटेनासे झाले. हडसनमधील जवळजवळ सर्व माशांत या रूपाची निदान एक प्रत होती, तर आसपासच्या इतर नद्यांत ते क्वचितच सापडले.

म्हणजे अवघ्या काही दशकांत एका नदीतील माशांचा वारसा बदलला. मात्र हा बदल कसा झाला, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात पाहिल्याशिवाय त्याचे कौतुक करू नये.

प्रश्न : मी ठाण्यातील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकतो. प्रदूषणामुळे उत्परिवर्तन होते आणि त्यातूनच माशाला प्रतिकारशक्ती मिळते, असे आम्ही गृहीत धरतो. हे बरोबर आहे का?

उत्परिवर्तन होते हे बरोबर. त्यातूनच प्रतिकारशक्ती मिळते हे ज्ञात उदाहरणांत सहसा खरे ठरलेले नाही.

प्रथम उत्परिवर्तनाचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत होणाऱ्या बदलाचे, पाहू. तेल, डांबर आणि अर्धवट जळलेले इंधन यांतून पाण्यात येणाऱ्या बेंझोपायरीनसारख्या संयुगांना शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतातील विकरे त्यांचे रूप बदलतात. या खटाटोपात मध्येच एक अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो आणि तो डीएनएला जाऊन चिकटतो. पेशी विभागताना त्या जागी अक्षर चुकण्याची शक्यता वाढते. माशांवर ही हानी मोजणे तुलनेने सोपे आहे, कारण आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, माशाच्या तांबड्या रक्तपेशीत ते असते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मुख्य केंद्रकाशेजारी तुटून पडलेले लहान केंद्रक दिसते, आणि अशा पेशींचे प्रमाण मोजता येते. प्रयोगशाळेत फार खर्च न करता जमणारी ही चाचणी आपल्या महाविद्यालयातही करता येण्यासारखी आहे.

परंतु ही हानी रक्तातली किंवा यकृतातली आहे. ती त्या माशाबरोबर संपते. पुढच्या पिढीत जायचे तर बदल अंड्यात किंवा शुक्रपेशीत व्हावा लागतो, आणि तेथे झालेले नवे बदलही बहुतेक वेळा निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. नेमका हवा तो बदल, नेमका हव्या त्या वेळी, विषाने घडवून द्यावा अशी व्यवस्था निसर्गात नाही.

मग हडसनमध्ये काय झाले? गळालेल्या तुकड्याचे ते रूप शेजारच्या नद्यांतील थोड्या माशांतही सापडते, यावरून ते विष येण्यापूर्वीच तेथे विरळ प्रमाणात होते असे अनुमान निघते. आपल्या खारजमिनीच्या शेतीतून हे चटकन लक्षात येईल. समुद्राचे पाणी शिरणाऱ्या शेतात काळा रत्ता तग धरतो आणि इतर वाण करपतात. मिठाने रत्ता निर्माण केला नाही, मिठाने बाकीचे मारले. माशांच्या बाबतीतही ज्यांच्याकडे ते रूप नव्हते त्यांची अंडी आणि पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या मरत गेली, आणि ज्यांच्याकडे होते त्यांची संतती उरली. ‘सरावणे’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा या मरणाचा हिशेब त्यात येत नाही.

याहून व्यापक पुरावा किलीफिश या बोटभर लांबीच्या खाडीतील माशाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड, ब्रिजपोर्ट, न्यूअर्क आणि एलिझाबेथ नदी अशा चार अतिप्रदूषित जागांतील किलीफिश आणि त्यांच्या जवळच्या स्वच्छ जागांतील किलीफिश अशा जोड्या घेऊन जवळजवळ ४०० माशांचे संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. चार जागांची विषे एकसारखी नव्हती. कोठे पीसीबी, कोठे डायॉक्सिन, तर एलिझाबेथ नदीत लाकूड टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रिओसोटमधील संयुगे होती. तरीही चारही ठिकाणी निवडीचा भर एएचआरच्याच मार्गावर पडलेला दिसला, आणि त्यातील बारीकसारीक बदल मात्र जागोजागी निराळे होते. काही समष्टी, म्हणजे एकेका जागी राहून आपसात वीण घालणारे माशांचे गट, संवेदनशील माशांना मारक ठरणाऱ्या मात्रेच्या ८,००० पटींपर्यंत विष सोसू शकतात. हे शक्य झाले कारण किलीफिशची संख्या अफाट आहे आणि त्यांच्यातील आनुवंशिक विविधता पृष्ठवंशी प्राण्यांत सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. थोडक्यात, ज्यांच्या कोठारात आधीच पुष्कळ प्रकारचे बियाणे होते, त्यांचे निभावले.

आपल्यासारख्या विद्यार्थ्याला आवडेल अशी आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. टेक्ससमधील ह्यूस्टनच्या जहाजमार्गात राहणाऱ्या आखाती किलीफिशला प्रतिकाराचे जनुकरूप स्वतःच्या कोठारातून मिळाले नव्हते. सुमारे २,५०० किलोमीटर दूरच्या अटलांटिक किलीफिशशी संकर होऊन ते त्याच्यात आले, हे २०१९ साली दाखवण्यात आले. एवढे अंतर हा मासा स्वतः पोहून जात नाही. माणसाकडूनच, बहुधा जहाजांच्या तोलपाण्यातून, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून, तो तेथे पोहोचला असावा असा संशोधकांचा तर्क आहे. परकीय जीव येऊन उपयोगी पडल्याचे हे अपवादात्मक उदाहरण आहे, आणि न्हावा-शेव्याच्या तोलपाण्याकडे त्या आशेने पाहण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : ऐरोलीच्या बाजारात खाडीची बोय आणि निवटी स्वस्त मिळते. जनुके बिघडलेला मासा खाल्ल्याने आपली किंवा मुलांची जनुके बिघडतात का?

नाही. माशाचा डीएनए, बिघडलेला असो वा धड, आपल्या पोटात इतर अन्नाप्रमाणेच पचतो.

काळजी करायची ती माशाच्या अंगातील द्रव्यांची. पाऱ्याचे मिथिल रूप आणि पीसीबीसारखी चरबीत साठणारी रसायने लहान माशातून मोठ्यात जाताना वाढत जातात, म्हणून दीर्घायुषी, मोठ्या, मांसाहारी माशांत ती अधिक असतात. उल्हास नदीच्या मुखाकडील गाळात पारा आढळल्याच्या नोंदी शास्त्रीय साहित्यात आहेत, आणि ही नदी ठाण्याजवळ एका अरुंद वाटेने खाडीला जोडलेली आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी खाडीतील मोठ्या शिकारी माशांऐवजी उघड्या समुद्रातील लहान मासळी, म्हणजे मांदेली, तारली अशी, निवडणे शहाणपणाचे.

आनुवंशिकतेचा येथे एक आडून संबंध येतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विषाला दाद न देणारा मासा विष बाहेर टाकतोच असे नाही. अनेकदा तो ते अंगात बाळगून जगतो. प्रतिकार नसता तर जो मासा अंड्यातच मेला असता, तो आता मोठा होऊन बगळ्याच्या, मोठ्या माशाच्या किंवा माणसाच्या पोटात जातो. हडसनमधील टॉमकॉडबाबत संशोधकांनी हीच शंका मांडली होती. त्या नदीत पट्टेरी बास या खाद्य माशाची व्यावसायिक मासेमारी १९७६ पासून बंद आहे.

प्रश्न : अमेरिकेतील मासे पन्नास वर्षांत बदलू शकतात, तर आपल्या खाडीतील जिताडा आणि बोय का नाही? आपल्याकडेही कारखाने साठ वर्षांपासून आहेतच. (वाशी)

प्रश्न रास्त आहे. उत्तर माशाच्या राहणीत आहे.

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी समुद्राकडे रुंद आणि ठाण्याकडे निमुळती आहे. वरच्या अंगाला ओहोटीने घाण पूर्णपणे धुऊन निघत नाही. एका काठाला ठाणे-बेलापूर पट्टीची कारखानदारी, दुसऱ्या काठाला मुलुंड, कांजूरमार्ग आणि देवनारच्या कचराभूमी, आणि दोन्हीकडून शहरांचे सांडपाणी अशी ही मिसळ आहे. हडसनमध्ये एक रसायन वर्षानुवर्षे प्रबळ होते, म्हणून निवडीचा रोख एकाच जनुकावर राहिला. येथे मासा एकाच वेळी धातू, तेल, साबण, संप्रेरकसदृश द्रव्ये आणि प्राणवायूचा तुटवडा यांना तोंड देतो. एका संकटावर उपयोगी पडणारे जनुकरूप दुसऱ्यावर निरुपयोगी, कधी उलटे घातक ठरते. एलिझाबेथ नदीतील प्रतिकारक्षम किलीफिशबाबत हेच आढळले. क्रिओसोट सोसणारी त्यांची पिल्ले कमी प्राणवायूच्या पाण्यात इतरांपेक्षा लवकर दगावतात. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी, जेथे पहिल्या पावसात नाल्यांचा गाळ एकदम वाहून येतो आणि पाण्यातील प्राणवायू खाली जातो, तेथे असा व्यवहार परवडणारा नाही.

आता बोय. ती खाडीत वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते; तेथे दूरदूरच्या खाड्यांतील बोयी एकत्र येतात आणि त्यांची पिल्ले किनाऱ्यावरच्या कोणत्याही खाडीत शिरतात. समजा, ठाणे खाडीतील काही बोयींत विष सोसणारे जनुकरूप निवडले गेले. पुढच्या वर्षी येणारी पिल्ले मात्र स्वच्छ खाड्यांतील पालकांचीही असणार, त्यामुळे ते रूप दरवर्षी पातळ होत जाते. टॉमकॉड आणि किलीफिश यांचे तसे नाही. ते जन्मतात तेथेच वाढतात आणि तेथेच वीण घालतात. निवटीचा प्रौढ मासा खाजणातला आपला बिळाचा तुकडा सोडत नाही, म्हणून ती त्यांच्या जवळची वाटते खरी, पण तिची इवली अळी पाण्याबरोबर वाहून जाते, आणि तेवढ्या मार्गाने काठाकाठांची सरमिसळ होत राहते. ही सरमिसळ स्थानिक प्रतिकार रुजू देत नाही, पण विविधता मात्र राखते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

जिताड्याचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादी, आणि मोठ्यालाच बाजारात मोल. समजा एखाद्या भागात वीण घालणारे १०० जिताडे उरले आणि त्यांत माद्या फक्त १० असल्या, तर आनुवंशिकतेच्या हिशेबाने ही समष्टी १०० माशांची नसते. नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार चौपट करून एकूण संख्येने भागला की प्रभावी संख्या मिळते. ती येथे ३६ येते. विविधता ३६ माशांच्या समष्टीइतक्या वेगाने झिजते, भले पाण्यात १०० पोहत असोत. अशा लहान समष्टीत उपयोगी जनुकरूप निव्वळ दुर्दैवाने नाहीसे होऊ शकते, कारण ज्या एक-दोन माशांकडे ते होते तेच जाळ्यात सापडले. शिवाय किलीफिश वर्षा-दोन वर्षांत वयात येतो. जिताड्याला त्याहून अधिक काळ लागतो आणि मादी होण्यास आणखी. साठ वर्षे माणसाला दीर्घ वाटतात, पण त्यांत जिताड्याच्या पिढ्या मोजक्याच बसतात.

लिंगगुणोत्तराचा हाच हिशेब सांडपाण्यातील संप्रेरकांनाही लागू पडतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या एका तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडण्यात आले. प्रमाण दर लिटरला एका ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या पाच-सहा पट, म्हणजे जवळजवळ नगण्य. तरीही तेथील फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर मादीसारखी प्रथिने बनवू लागले, वीण कोलमडली आणि ती जात त्या तळ्यातून जवळपास नामशेष झाली. इंग्लंडच्या नद्यांत सांडपाण्याच्या प्रवाहाखाली राहणाऱ्या रोच माशांतही नरांच्या वृषणात अंडपेशी सापडतात. तेथे मात्र पुढील अभ्यासात अशा काही समष्टी बाहेरून भरती न होताही टिकून असल्याचे दिसले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. जात, मात्रा आणि मुळातील संख्या यांवर निकाल ठरतो, म्हणून एका तळ्यावरून सगळ्या खाड्यांचे भविष्य सांगणे मी टाळतो.

प्रश्न : खाडीत हजारो रोहित पक्षी येतात, तिला २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला, मासेही आहेत. मग परिस्थिती सुधारली असे का म्हणू नये? (नेरूळ)

रामसर दर्जा ही जागा पाणथळ म्हणून महत्त्वाची आहे याची पावती आहे. पाण्याच्या शुद्धतेचे ते प्रमाणपत्र नव्हे. लहान रोहित ही रोहित पक्ष्याची जात सूक्ष्म शैवालांवर जगते, आणि सांडपाण्यातील नत्र-स्फुरदाने अशी शैवाले फोफावतात. पक्ष्यांची गर्दी पाहून पाणी निवळल्याचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

माशांबाबत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील हेल नदी डोळ्यांसमोर ठेवावी. कथील आणि तांब्याच्या खाणींमुळे या नदीत धातूंचे प्रमाण इतके आहे की बाहेरचा ट्राउट तेथे टिकणार नाही. स्थानिक ट्राउट मात्र मजेत पोहताना दिसतो. त्याचा डीएनए तपासल्यावर आढळले की धातूग्रस्त नद्यांतील हे मासे शेजारच्या स्वच्छ नद्यांतील माशांपासून वेगळे पडलेले आहेत, आणि त्यांच्यातील विविधता कमी आहे. ही फारकत सुमारे ९६० वर्षांपूर्वी, म्हणजे तेथील मध्ययुगीन खाणकामाच्या काळात, आणि पुन्हा सुमारे १५० वर्षांपूर्वी, खाणी ऐन भरात असताना झाल्याचा अंदाज निघाला. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला धडधाकट मासा दिसतो. त्या माशाने कोठारातले किती बियाणे गमावले, हे काठावरून दिसत नाही. पुढे नवा रोग आला, पाणी तापले, वेगळे रसायन आले, तर उपयोगी पडू शकले असते असे एखादे जनुकरूप त्या गमावलेल्यांत असू शकते.

प्रश्न : उद्या पाणी खरेच स्वच्छ झाले तर माशांचा वारसा पूर्वीसारखा होईल का? जिताड्याचे बी सोडून उपयोग होईल का? (कोपरी, ठाणे)

संख्या लवकर भरून येते, विविधता हळू येते. वर उल्लेखिलेल्या कॅनडातील तळ्यात संप्रेरक सोडणे थांबवल्यावर काही वर्षांत मिनोंची संख्या सावरली. पण नाहीसे झालेले जनुकरूप परत येण्याचे मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे नवे उत्परिवर्तन, ज्यासाठी फार मोठा काळ लागतो. दुसरा म्हणजे शेजारच्या समष्टीतून येणारे मासे. म्हणून ठाणे खाडीच्या सुधारणेत धरमतर, वसई आणि त्यापलीकडच्या खाड्या चांगल्या राहणे तितकेच महत्त्वाचे आहे. हडसनच्या तळातील पीसीबीयुक्त गाळ २००९ ते २०१५ या काळात उपसण्यात आला. विषाचा दाब हटला की प्रतिकाराचे जनुकरूप लाभाचे राहत नाही; त्याची काही किंमत माशाला मोजावी लागत असेल, तर पुढच्या पिढ्यांत त्याचे प्रमाण घटू लागते.

बी सोडण्याबाबत मी सावध आहे. उबवणी केंद्रात मोजक्या माद्यांपासून लाखो पिल्ले निघतात. ती सगळी बहीण-भावंडे. खाडीत सोडल्यावर जिताडे वाढल्यासारखे वाटतील आणि जाळ्यातही येतील, परंतु वर सांगितलेली प्रभावी संख्या उलट घसरू शकते. पालक मासे पुष्कळ असावेत, ते याच किनाऱ्यावरचे असावेत आणि दर हंगामात बदलावेत, एवढे पथ्य पाळले तर नुकसान टळते. दुसऱ्या राज्यातून आणलेले बी स्वस्त मिळते म्हणून खाडीत ओतणे मला मान्य नाही.

प्रश्न : मी ऐरोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना घेऊन या विषयात काही उपयोगी करता येईल का?

येईल, आणि ते महागडे नाही. या विषयातील खरी अडचण जुन्या नमुन्यांची असते. पन्नास वर्षांपूर्वीचा मासा आज तपासायला हवा असतो, आणि तो कोणी ठेवलेला नसतो. प्रयोगशाळांच्या बरण्यांत जे जुने मासे सापडतात ते बहुधा फॉर्मॅलिनमध्ये असतात, आणि फॉर्मॅलिनने डीएनएची नासाडी होते. म्हणून आजचे नमुने पुढच्यांसाठी नीट ठेवणे, हेच शाळेला करता येण्याजोगे काम.

खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, त्यामुळे मुलांनी स्वतः मासे धरू नयेत. गावातील कोळी बांधवांनी नेहमीच्या मासेमारीत धरलेले मासे घ्यावेत आणि जागा, तारीख, भरती की ओहोटी हे त्यांनाच विचारून लिहून घ्यावे. बोयीच्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून प्रत्येक माशाचे शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढावे. मग पराचा किंवा शेपटीचा नखाएवढा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावे, कारण तुकड्यातील पाण्याने ते पातळ होते. प्रत्येक माशानंतर कात्री पुसून स्वच्छ करावी, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या बाटलीत जातो. अल्कोहोल पेटते, तेव्हा ते मोठ्यांनी हाताळावे आणि बाटल्या उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. रायगड किंवा पालघरमधील कमी कारखानदारीच्या खाडीजवळची एखादी शाळा सोबत घेतली, तर तुलनेला जोडही मिळेल. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो या संस्था माशांच्या आनुवंशिकतेवर काम करतात. नोंदी शिस्तीत असल्या तर त्यांच्याकडे सहकार्य मागता येईल.

बाटलीवर शाईने लिहिलेले अल्कोहोल सांडले की पुसले जाते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच टाकावी.